न्यू जर्सीत काळ्या अस्वलांच्या शेजारी कसे राहावे: बंदुकीआधी डब्याला कडी

ससेक्स, पसेइक, वॉरन, मॉरिस या भागात घर घेतले की काळे अस्वल शेजारी आलेच. राज्याच्या 21ही काउंटींत ते दिसलेले आहे. 2021 मध्ये इथे अस्वलांची शिकार झाली नाही. 2022 च्या डिसेंबरात ती पुन्हा सुरू झाली आणि कारण दिले गेले वाढत्या तक्रारींचे. पण डिसेंबरात रानात मारले गेलेले अस्वल आणि जुलैत तुमचा कचऱ्याचा डबा उलथवणारे अस्वल एकच असेल याची हमी कोण देणार? डबा उघडाच राहिला तर त्याच्या जागी दुसरे येते. कॅनडाच्या ऑन्टारिओत वसंतातली शिकार पुन्हा सुरू करून पाहिली, तरी माणूस-अस्वल कटकटी कमी झाल्या नाहीत. जंगलात खायला किती आहे, यावर त्या जास्त अवलंबून होत्या.

सुरुवात कचऱ्यापासून करा, कारण बाकी सगळे त्यानंतर. डबा आदल्या रात्री रस्त्याकडेला ठेवू नका. गाडी यायच्या दिवशी सकाळी ठेवा, एरवी गॅरेजमध्ये. माशांची खवले, कोलंबीची साले, आंब्याच्या कोयी यांचा वास लांबवर जातो. हे सगळे पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सकाळीच डब्यात टाका. नवा डबा घेताना जाहिरातीतल्या ‘अस्वलरोधक’ शब्दावर विसंबू नका, आयजीबीसी या अमेरिकेतल्या ग्रिझली अस्वलांसाठीच्या समितीचे प्रमाणपत्र पाहा. त्यासाठी खाऊ भरलेला डबा पिंजऱ्यात ठेवलेल्या अस्वलांपुढे टाकतात आणि तासभराच्या झटापटीत तो टिकावा लागतो. असला डबाही फसतो तो बहुधा एकाच कारणाने: ठासून भरला की झाकण पूर्ण बसत नाही आणि कडी अर्धवट राहते. वास मारायला डब्यात अमोनियाचा बोळा ठेवता येतो, पण त्याच डब्यात ब्लीच कधीही ओतू नका. दोन्ही मिळून विषारी वायू तयार होतो.

पक्ष्यांचे दाणे एप्रिल ते नोव्हेंबर काढूनच ठेवा. सोललेल्या सूर्यफुलाच्या एक किलो बियांत साडेपाच हजारांहून जास्त कॅलरी असतात. थंडीपूर्वी चरबी साठवताना अस्वल दिवसाला 20,000 कॅलरींपर्यंत खाते. त्याला तुमचा फीडर म्हणजे आयते ताट. मुद्दाम अस्वलाला खाऊ घालणे तर 2002 पासून इथे गुन्हा आहे, दंड हजार डॉलरपर्यंत.

ग्रिल वापरून झाले की आच वाढवून जाळीवरची चरबी जाळून टाका. खालची तेलाची वाटी सगळे विसरतात. तीही रिकामी करा. गाडीत पाव-बिस्किटांचे पुडे नकोत आणि दारे कुलूपबंद. दांडीचे हँडल अस्वलाला सहज उघडता येते.

कोंबड्या किंवा मधमाश्या असतील तर विजेच्या कुंपणाला पर्याय नाही. पाच तारा, साधारण 25 सेंमी अंतराने, वरची सुमारे सव्वा मीटरवर. विजेचा दाब 6,000 व्होल्टच्या वर आणि झटका देणारे यंत्र किमान 0.7 जूलचे. अस्वलाच्या दाट केसांतून झटका नीट लागत नाही, तो नाकाला लागायला हवा. अस्वल यायच्या आधीच कुंपण चालू करा. एकदा पेटी फोडून मध चाखल्यावर ते झटका सोसूनही आत घुसते. कुंपण निकामी होते ते दोन कारणांनी. तारेला गवत टेकले की वीज जमिनीत उतरते. दुसरे म्हणजे कोरडी माती, तिच्यातून वीज नीट वाहत नाही. अर्थिंगचा रॉड दोन मीटर खोल ठोका आणि दर आठवड्याला टेस्टरने व्होल्टेज तपासा.

समोरासमोर गाठ पडली तर पळू नका, झाडावर चढू नका. अस्वल तुमच्याहून चपळ चढते. त्याच्या डोळ्यांत रोखून न पाहता ठाम आवाजात बोलत मागे सरका आणि त्याला निघून जायला वाट मोकळी ठेवा. कुत्रा असेल तर आधी त्याला आवरा. दात कडकडवणे, फुसफुसणे, पंजा आपटणे ही ‘लांब हो’ अशी ताकीद असते. ते अंगावर धावून आले तर बहुतेक वेळा अर्ध्यात थांबते. क्वचित खरेच झडप घातलीच, तर मेल्याचे सोंग काळ्या अस्वलापुढे चालत नाही; हातात येईल त्याने लढा.

शिकारीला विरोध करायचा असेल तर निवेदनावरच्या नुसत्या सहीने भागत नाही. धोरणाला मंजुरी देणाऱ्या फिश अँड गेम कौन्सिलच्या 11 जागांपैकी सहा शिकार-मासेमारी करणाऱ्यांच्या, तीन शेतकऱ्यांच्या आहेत. नियम बदलताना लेखी हरकती मागवतात, त्या मुदतीत मुद्देसूद लिहा. मात्र लवकर फळ येते ते गावपातळीवर: टाउनशिपच्या सभेत किंवा सोसायटीच्या बैठकीत अस्वलरोधक डबे सक्तीचे करण्याचा ठराव मागा. ठराव मांडण्याआधी एक चौकशी कराच: कचरा नेणाऱ्या गाडीच्या यांत्रिक हाताने तो डबा उचलला जाऊन कडी आपोआप उघडते का. उघडत नसेल तर कडी आदल्या रात्रीच काढून ठेवायची सवय लोकांना लागते, आणि सगळा खर्च वाया जातो.