लिव्हिंग विल कसं करावं: नोटरीकडे जाण्याआधी घरात बोला

रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात डॉक्टर विचारतात, "व्हेंटिलेटर लावायचा का?" आणि तिघं भावंडं एकमेकांच्या तोंडाकडे बघत राहतात. या प्रश्नाचं उत्तर शुद्धीत असतानाच स्वतः लिहून ठेवायचं, ते लिव्हिंग विल. मालमत्तेच्या मृत्युपत्राशी त्याचा संबंध नाही.

अमेरिकेत यासाठी राज्याराज्यांचे वेगळे कायदे आहेत. आपल्याकडे ना संसदेनं कायदा केला, ना विधानसभेनं. आधार आहे तो सर्वोच्च न्यायालयाच्या 9 मार्च 2018 च्या 'कॉमन कॉज' या संस्थेच्या याचिकेवरच्या निकालाचा आणि 24 जानेवारी 2023 ला त्यात झालेल्या बदलांचा. आधी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागायची, त्यामुळे फारसं कुणी त्या वाटेला जात नसे. आता नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतो. वय 18 पूर्ण हवं, मन ठिकाणावर हवं.

सुरुवात माणूस निवडण्यापासून करा. आपली शुद्ध हरपल्यावर डॉक्टरांशी कोण बोलणार? एकाहून जास्त नावं देता येतात. थोरला म्हणून मुलाचं नाव घालायची आपली रीत. पण "काहीही करा, बाबांना वाचवा" म्हणणारा मुलगा कितीही प्रेमळ असला तरी या कामाचा नाही. ज्याचं नाव घालाल त्याला समोर बसवून सांगा.

मग मजकूर. "उगाच हाल करू नका" हे मोघम झालं, डॉक्टरांना त्यातून काहीच कळत नाही. असं लिहा: "आजार बरा होण्याची आशा उरली नसेल आणि मी स्वतः निर्णय सांगू शकत नसेन, तर व्हेंटिलेटर लावू नये, लावला असल्यास काढावा. वेदना कमी करणारी औषधं मात्र चालू ठेवावीत." डायलिसिस, नळीनं अन्न, छाती दाबून हृदय सुरू करणं, यांतलं काय नको तेही लिहा. मरणाचं इंजेक्शन मागता येत नाही. ते बेकायदाच आहे.

दोन साक्षीदार, शक्यतो घराबाहेरचे. त्यांच्यासमोर सही, मग नोटरी.

प्रती वाटणं टाळू नका. एक नेमलेल्या माणसाला, एक फॅमिली डॉक्टरला, एक महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या कस्टोडियनकडे, म्हणजे ही कागदपत्रं सांभाळायला नेमलेल्या अधिकाऱ्याकडे. महाराष्ट्रात हे कस्टोडियन नेमावेत म्हणून मुंबईचे डॉ. निखिल दातार उच्च न्यायालयात गेले होते. गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी 2024 मध्ये स्वतःचं लिव्हिंग विल केलं.

वेळ आली की उपचार करणाऱ्या डॉक्टरांसह किमान तिघा डॉक्टरांचं मंडळ रुग्णाची स्थिती बघतं, नंतर डॉक्टरांचंच दुसरं मंडळ. दोन्ही मंडळांनी शक्यतो 48 तासांत मत द्यायचं असतं. उपचार थांबवण्याआधी हॉस्पिटल न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवतं.

मन बदललं तर लेखी देऊन कधीही रद्द करा. फॅमिली डॉक्टरच्या फायलीतली जुनी प्रत तेवढी आठवणीनं परत मागा.