नेटवर्क स्विचवर प्राधान्य गटांना बँडविड्थ कशी वाटून द्यावी

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत, मशीन शॉपमध्ये आता सगळं एकाच नेटवर्कवर चालतं: ऑफिसचे आयपी फोन, गेटवरचे कॅमेरे, टॅलीचा सर्व्हर, सीएनसीला जाणारे प्रोग्राम. संध्याकाळी बॅकअप सुरू झाला की शेडमधल्या फोनवर "हॅलो, हॅलो" चालू होतं, अर्धे शब्द ऐकूच येत नाहीत. मग कुणीतरी नवा, महागडा स्विच घ्यायला सांगतं. तुमच्याकडे मॅनेज्ड स्विच, म्हणजे ज्याची सेटिंग आपल्याला बदलता येते असा, असेल तर पैसे घालण्याआधी हे करून बघा.

आधी गर्दी कुठं होते ते शोधा. स्विचला २४ गिगाबिट पोर्ट असले तरी शेड आणि ऑफिस जोडणारी अपलिंक बहुधा एकच, तीही १ गिगाबिटची. वाटणी त्या पोर्टमधून बाहेर जाणाऱ्या डेटावर लावायची असते, म्हणून ती दोन्ही टोकांच्या स्विचवर करा.

आता सर्वांत महत्त्वाचं. एखाद्या गटाला ३० टक्के दिले म्हणजे त्याला तिथं अडवलं असं नाही. गर्दीतही तेवढं मिळेल ही हमी दिली. हंगामात साखर कारखान्याच्या काट्यावर बैलगाड्यांची आणि ट्रॅक्टरची वेगळी रांग लावली, तरी गाड्या संपल्यावर काटा कुणी रिकामा ठेवत नाही, ट्रॅक्टर पुढे घेतात. स्विचही तसंच करतो. त्यामुळे बॅकअपला कमी टक्के द्यायला घाबरू नका, रात्री त्याला जवळजवळ सगळी लाइन मोकळी मिळते.

मग गट पाडा. व्हीलॅन टॅगमध्ये, म्हणजे डेटाच्या प्रत्येक पाकिटावर स्विच लावतो त्या चिठ्ठीत, प्राधान्याचे ० ते ७ असे आठ क्रमांक असतात. आवाजाला ५, कॅमेऱ्यांना ४, टॅली आणि सीएनसीला ३, बाकी कामाला ०, बॅकअपला १. हो, १ चा दर्जा ० च्या खाली धरतात. ६ आणि ७ स्विचच्या स्वतःच्या नियंत्रण संदेशांसाठी सोडा. बरेच आयपी फोन आवाजाच्या पाकिटांवर डीएससीपी ४६ हा प्राधान्याचा शिक्का मारतात. तो ५ ला जोडा. फोनच्या पोर्टवर शिक्का मान्य करा, कॉम्प्युटरच्या पोर्टवर करू नका, नाहीतर एखादं सॉफ्टवेअर स्वतःलाच ५ लावून घेईल.

आवाजाला टक्के देऊ नका, त्याला कडक प्राधान्य द्या, म्हणजे त्याची पाकिटं नेहमी सगळ्यांच्या आधी जातील. जी.७११ या आवाजाच्या पद्धतीचा एक कॉल एका दिशेला सेकंदाला सुमारे ८७ किलोबिट घेतो. दहा कॉल झाले तरी १ मेगाबिटच्या आतच. कडक प्राधान्यात दुसरं काहीही घालू नका. तिथं बॅकअप शिरला तर बाकीचे गट उपाशी राहतात.

उरलेल्यात टॅली-सीएनसीला ५०, कॅमेऱ्यांना २०, बाकी काम आणि बॅकअप मिळून ३०. बेरीज १०० व्हायलाच हवी. प्रत्येकी ४ मेगाबिटचे १६ कॅमेरे ६४ मेगाबिट घेतात, म्हणजे २० टक्के भरपूर झाले. डेटा सेंटरच्या स्विचवर ही सोय ईटीएस नावानं असते, साध्या स्विचवर डब्ल्यूआरआर (भारांकानुसार रांगांना आळीपाळीनं संधी) नावानं. तिथं टक्क्यांऐवजी ५, २, ३ असे भारांक टाका.

तपासणी गर्दीतच करा. शेडमधून ऑफिसच्या सर्व्हरवर मोठी फाइल कॉपीला लावा आणि त्याच वेळी शेडच्या फोनवरून बोला. पोर्टच्या आकडेवारीत कुठल्या रांगेतली पाकिटं गळतात ते दिसतं. ती बॅकअपच्या रांगेत गळली तर ठीक. आवाजाच्या रांगेत एकही गळत असेल तर तिथं दुसरं काहीतरी शिरतंय. तिथं काही गळत नाही, तरी आवाज तुटतो, तर शिक्का कुठंतरी हरवतोय. दोन्ही टोकांच्या स्विचवर शिक्के आणि क्रमांकांची जोडणी पुन्हा बघा.

इंटरनेट मात्र यानं सुधारत नाही. लाइन १०० मेगाबिटची आणि पोर्ट १ गिगाबिटचा असेल तर गर्दी राउटरपाशी होते, स्विचला ती कळतही नाही. तिथली वाटणी राउटरवरच, लाइनच्या वेगापेक्षा थोडी कमी मर्यादा घालून करावी लागते.

शेवटी कॉन्फिगरेशन सेव्ह करा. बऱ्याच स्विचवर लागू करणं आणि सेव्ह करणं या दोन वेगळ्या गोष्टी असतात. सेव्ह केलं नाही तर वीज गेली की सगळं पुसलं जातं. कुठल्या पोर्टवर काय आहे ती चिठ्ठी मराठी आणि कन्नड दोन्हींत लिहून रॅकवर चिकटवा, म्हणजे दुरुस्तीला येणाऱ्या कुणालाही ती वाचता येईल.