प्रदर्शनाची मांडणी करताना या चुका टाळा: खान्देशातील वाडे, सभागृहे आणि मांडव यांसाठी

जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तीन जिल्ह्यांत प्रदर्शनासाठी जी जागा मिळते, ती बहुधा प्रदर्शनासाठी बांधलेली नसते. कधी ते शाळेचे सभागृह असते, कधी मंगल कार्यालय, कधी धाब्याचा जुना वाडा, तर कधी मैदानावर दोन दिवसांत उभा राहणारा मांडव. अशा जागांत होणाऱ्या चुका वरवर पाहता वेगवेगळ्या वाटतात. काचेत वस्तूऐवजी पाहणाऱ्याचाच चेहरा दिसतो, लावलेला मजकूर कोणी वाचत नाही, पहिल्या दालनात रेटारेटी होते आणि शेवटचे दालन ओस पडते. माझ्या मते या सर्वांच्या मुळाशी एकच कारण आहे. आराखडा संगणकाच्या पडद्यावर, वरून पाहत काढला जातो, आणि त्यात चालणारा, वाकणारा, उन्हातून आलेला आणि थोड्याच वेळात थकणारा माणूस कुठेच नसतो. तो माणूस आराखड्यात आणला, की पुढील बहुतेक चुका कागदावरच लक्षात येतात.

उन्हातून आलेला डोळा

दुपारच्या थेट उन्हात प्रकाशाची तीव्रता सुमारे एक लाख लक्स असते (लक्स हे पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचे एकक आहे). हस्तलिखिते, कापड, जलरंगातील चित्रे आणि जुनी छायाचित्रे यांच्यासाठी जगभरातील संग्रहालये सुमारे ५० लक्सची मर्यादा पाळतात. एप्रिल-मेमध्ये जळगावच्या किंवा भुसावळच्या रस्त्यावरून आलेल्या माणसाला दार उघडताच ५० लक्सच्या खोलीत नेऊन उभे केले, तर त्याला काही मिनिटे काहीच नीट दिसत नाही. तो "इथे अंधार आहे" असे म्हणतो, आयोजक घाबरतात, आणि दुसऱ्या दिवशी पोथ्यांवर मोठे फोकस लावले जातात. उपाय प्रकाश वाढवण्याचा नाही, डोळ्याला वेळ देण्याचा आहे. जुन्या वाड्यात ही सोय आयतीच असते, कारण अंगणातून ओसरी, ओसरीतून सोपा आणि सोप्यातून आतली खोली अशा टप्प्यांनी उजेड कमी होत जातो. ही ओसरी तिकिटाच्या टेबलाने किंवा प्रायोजकांच्या फलकांनी भरून टाकू नये. तिथे प्रस्तावनेचा फलक, एखादा नकाशा आणि बसायला बाक ठेवावा. सभागृहात किंवा मांडवात कापडी पडद्यांचा एक वळणदार प्रवेशमार्ग केला, तरी हेच साधते.

प्रकाशाने होणारी हानी साठत जाते आणि ती भरून निघत नाही, ही गोष्ट आयोजकांना समजावून सांगणे हे मांडणीकाराचे कर्तव्यच आहे. १०० लक्सचा प्रकाश पाच तास टाकला काय आणि ५० लक्सचा दहा तास टाकला काय, शाईचे आणि रंगाचे नुकसान जवळजवळ तेवढेच होते. त्यामुळे पाहणारे नसताना दिवे बंद ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय ठरतो. धुळ्यातील समर्थ वाग्देवता मंदिरात किंवा राजवाडे संशोधन मंडळात जपलेल्या हस्तलिखितांसारखा ठेवा ज्या भागात आहे, तिथे तरी मूळ पान आठ-पंधरा दिवसच उघडे ठेवून नंतर उलटावे आणि कायमस्वरूपी मांडणीसाठी चांगली प्रतिकृती वापरावी, असा माझा आग्रह असतो.

काचेत चेहरा दिसतो तेव्हा

ही तक्रार आली, की बहुतेक वेळा कपाटातील दिवा आणखी प्रखर केला जातो. प्रतिबिंबाचे खरे कारण मात्र कपाटाबाहेर असते. पाहणाऱ्याच्या पाठीमागे वस्तूपेक्षा अधिक उजळ असे जे काही असेल, मग ती खिडकी असो, पांढरी भिंत असो किंवा समोरच्या रांगेतील दिवा, ते काचेत उमटते. म्हणून तपासणी पाहणाऱ्याच्या जागी उभे राहूनच करावी. काचेत काय दिसते ते पाहावे, मागे वळून ती गोष्ट शोधावी आणि तिचा उजेड कमी करावा. खिडकीला जाड कापड लावणे, समोरची भिंत गडद रंगवणे आणि काच वरून थोडी पाहणाऱ्याकडे झुकवणे, या तीन गोष्टींनी बरेचसे काम होते. चित्रांवरचा दिवा उभ्या रेषेपासून सुमारे ३० अंशांवर असावा. तो याहून तिरका झाला तर पाहणाऱ्याची सावली चित्रावर पडते, आणि अगदी सरळ वरून आला तर चौकटीची सावली चित्राच्या वरच्या भागावर उतरते. ही तपासणी संध्याकाळी करून भागत नाही. भरदुपारी खिडकीतून येणारा उजेड वेगळा असतो, म्हणून ती दोन्ही वेळा करावी.

प्रकाशाचा अभ्यास करू इच्छिणाऱ्याने चाळीसगावला छायाचित्रकार केकी मूस यांच्या बंगल्यातील कलादालन जरूर पाहावे. टेबलावर मांडलेल्या साध्यासुध्या वस्तूंवर उजेडाची दिशा ठरवून त्यांनी निसर्गदृश्यांचा आभास निर्माण केला. वस्तू कोणती आहे यापेक्षा तिच्यावर उजेड कुठून येतो यावर पाहण्याचा अनुभव किती अवलंबून असतो, हे तिथे जितके स्पष्ट होते तितके कोणत्याही पुस्तकातून होत नाही.

उंची: सर्वांत जास्त होणारी आणि सर्वांत सहज टाळता येणारी चूक

१९१६ मध्ये बोस्टनच्या ललितकला संग्रहालयातील बेंजामिन गिलमन यांनी एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. कपाटांतील वस्तू आणि त्यांच्या माहितीच्या चिठ्ठ्या नीट पाहण्यासाठी एका माणसाला किती वाकावे, झुकावे आणि गुडघ्यांवर बसावे लागते, याची त्यांनी छायाचित्रे काढली. प्रेक्षकाचा थकवा हा त्याच्या उदासीनतेचा दोष नसून मांडणीचा दोष असतो, हे त्यातून दिसले. शंभर वर्षांनंतरही आपल्याकडे चिठ्ठ्या कपाटाच्या तळाशी, गुडघ्याच्या उंचीवर लावल्या जातात.

चित्रांचा मध्य जमिनीपासून १४५ ते १५५ सेंटिमीटरवर ठेवावा, असा संकेत परदेशी पुस्तकांत आढळतो. भारतीय स्त्रियांची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे आणि डोळा डोक्याच्या माथ्यापासून दहा-अकरा सेंटिमीटर खाली असतो. म्हणून आपल्याकडे हा मध्य १४० ते १४५ सेंटिमीटरच्या आसपास ठेवणे अधिक न्याय्य ठरते. शाळांच्या सहली येणार असतील, तर महत्त्वाच्या वस्तूंजवळ मुलांसाठी दुसरी, खालची चिठ्ठी लावावी. चाकाच्या खुर्चीसाठी वाट किमान ९० सेंटिमीटर रुंद असावी, वळण्याच्या ठिकाणी दीड मीटरचे मोकळे वर्तुळ असावे आणि उताराचे प्रमाण १:१२ पेक्षा तीव्र नसावे. वाड्याच्या उंबरठ्यावर फळी टाकून केलेला आखूड, तीव्र उतार हा केवळ दाखवण्यापुरता असतो आणि तो धोकादायकही असतो.

प्रदर्शनांचे मांडणीकार हर्बर्ट बायर यांनी १९३० च्या पॅरिसमधील जर्मन प्रदर्शनाच्या वेळी एक प्रसिद्ध आकृती काढली होती. तिच्यात डोक्याच्या जागी डोळा असलेला माणूस आहे आणि त्याच्यासमोर, वर आणि खाली फलक टांगलेले आहेत. या कल्पनेचे अनुकरण करताना अनेक जण मजकूरही छताजवळ नेऊन ठेवतात. वर पाहत चित्र बघता येते, पण मान वर करून परिच्छेद वाचता येत नाही. उंचावर केवळ मोठी छायाचित्रे ठेवावीत.

उंचीचा आणखी एक पैलू खान्देशातील घरगुती आणि शेतीच्या वस्तूंच्या बाबतीत फार महत्त्वाचा आहे. जाते हे जमिनीवर बसून ओढण्याचे साधन आहे. ते पांढऱ्या चौथऱ्यावर छातीच्या उंचीला ठेवले, की त्याचे ओढणाऱ्या बाईच्या हाताशी आणि बसण्याशी असलेले नाते तुटते आणि उरतो फक्त एक गोल दगड. पंधरा-वीस सेंटिमीटरच्या ओट्यावर, खुंट्यासह आणि समोर बसण्याएवढी जागा सोडून ते मांडावे. जुन्या जळगावातील चौधरी वाड्यात बहिणाबाई चौधरींच्या वापरातील वस्तू त्यांच्या राहत्या घरातच जपल्या आहेत, आणि म्हणूनच त्या पाहणाऱ्याशी बोलतात. दुसऱ्या जागेत मांडणी करताना ते घर नेता येत नाही, परंतु वस्तूची मूळ उंची आणि तिच्याभोवतीची मोकळीक नेता येते.

मजकूर: लेखन आणि छपाई दोन्हीकडे लक्ष हवे

एका फलकावर ५० ते ८० शब्द पुरेत. समितीतील प्रत्येक सदस्याचे वाक्य घालण्याच्या भिडेपोटी हे फलक ३०० शब्दांवर जातात आणि मग एकही शब्द वाचला जात नाही. एक मीटरवरून वाचायच्या देवनागरी मजकुरासाठी २८ ते ३० पॉइंटपेक्षा लहान अक्षर वापरू नये, कारण वरच्या आणि खालच्या मात्रांमुळे अक्षराचे मुख्य अंग त्याच आकाराच्या रोमन अक्षरापेक्षा लहान दिसते. ओळींमधील अंतरही याच कारणाने सढळ ठेवावे, अन्यथा वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांत अडकतात.

छपाईच्या दुकानात होणारा घोटाळा तर जवळजवळ ठरलेला असतो. मजकूर युनिकोडमध्ये टाइप केलेला असतो, दुकानातील संगणकावर जुने फॉन्ट असतात, आणि फाइल उघडताच जोडाक्षरे फुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जाऊन बसतो. कोरलड्रॉ या आरेखनाच्या सॉफ्टवेअरमध्ये सर्व मजकूर कर्व्ह करूनच, म्हणजे अक्षरांचे आकृत्यांत रूपांतर करूनच, फाइल द्यावी, सोबत पीडीएफ द्यावी, आणि पूर्ण फलक छापण्याआधी त्याचा एक तुकडा प्रत्यक्ष मापात कागदावर काढून, भिंतीला ठरलेल्या उंचीवर चिकटवून, त्या विषयाशी संबंध नसलेल्या कोणाला तरी मोठ्याने वाचायला सांगावे. वाचणारा जिथे अडखळतो ते वाक्य बदलावे. पाहणाऱ्यांत अहिराणी बोलणारे ज्येष्ठ अधिक असतील, तर त्यांच्यासाठी लिखित फलकापेक्षा त्यांच्या बोलीतील ध्वनिमुद्रण अधिक उपयोगी पडते. ते मात्र एका वेळी एकाच ठिकाणी वाजावे, कारण शेजारशेजारच्या दोन खोल्यांतील आवाज एकमेकांत मिसळले की दोन्ही वाया जातात.

उन्हाळा, पावसाळा आणि चिकटपट्टी

मे महिन्यात तापमान ४५ अंशांच्या घरात गेले, की दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप सैल होते, सनबोर्ड (छपाईसाठीचा हलका फोमचा फलक) वाकतो, फ्लेक्स ढिला पडून लोंबतो आणि ॲक्रिलिकची अक्षरे एकेक करून खाली येतात. या भागात टेपवर विसंबू नये. लाकडी पट्ट्या, स्क्रू आणि स्टड वापरावेत, आणि फ्लेक्सच्या कडेला भोके पाडून तो दोरीने ताणून बांधावा, म्हणजे तो पुन्हा ताणता येतो.

बंद कपाटातील साहित्याकडे अधिक काळजीने पाहणे आवश्यक आहे. नवा प्लाय आणि एमडीएफ (लाकडाचे तंतू दाबून केलेला फळा) यांतून आम्लयुक्त वायू बाहेर पडतात, आणि ताजा रंगही बरेच दिवस वाफ सोडत राहतो. उद्घाटनाच्या आदल्या रात्री रंगवलेल्या कपाटात नाणी किंवा चांदीचे दागिने ठेवून काच बंद केली, तर काही महिन्यांत त्यांच्यावर डाग दिसू लागतात. लोकरीच्या कापडात गंधक असते, म्हणून चांदीच्या हासळ्या आणि वाक्या लोकरी अस्तरावर ठेवल्या की काळ्या पडतात. खळ काढण्यासाठी दोन-तीन वेळा धुतलेले मांजरपाट हे त्यासाठी उत्तम, स्वस्त आणि कोणत्याही बाजारात मिळणारे अस्तर आहे. कपाट रंगवल्यावर किमान तीन-चार आठवडे उघडे ठेवावे आणि सुतारकाम त्या हिशेबाने आधी सुरू करावे. वातानुकूलन दिवसा चालू आणि रात्री बंद, असे करण्यापेक्षा ते न लावलेले बरे, कारण हवेतील ओलाव्याचा रोजचा चढउतार जुन्या लाकडाला आणि कागदाला कायमच्या उष्म्यापेक्षा अधिक इजा करतो.

सातपुड्यातील वस्तू मांडताना

नंदुरबारमधील प्रदर्शनांत सर्व आदिवासी समाजांसाठी एकच पुतळा, एकच पोशाख आणि एकच मथळा वापरला जातो, ही केवळ सौंदर्याची चूक नाही. भिल, पावरा, मावची आणि कोकणी यांचे दागिने, घरांची रचना आणि सण वेगळे आहेत. होळीत व्रत घेऊन नाचणाऱ्या बुध्याचा साज घुंगरांसह चालतो आणि नाचतो, म्हणून तो निःशब्द कपाटात उभा केला तर त्याचा अर्धा अर्थ हरवतो. त्याच्याजवळ चित्रफीत आणि आवाज हवा. काही वस्तू व्रताशी बांधलेल्या असतात आणि त्या कोणी हाताळाव्यात, कुठे ठेवाव्यात याचे नियम असतात. मांडणी पूर्ण झाल्यावर परवानगी मागण्यापेक्षा त्या गावातील जाणत्यांना आराखड्याच्या वेळीच बोलवावे आणि मथळ्याचे शब्दही त्यांना वाचून दाखवावेत.

हे प्रदर्शन धडगाव किंवा अक्कलकुव्याच्या शाळांत फिरवायचे असेल, तर फलकाचे माप टेम्पोच्या हौद्याच्या मापावरून ठरवावे. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने चार्ल्स आणि रे ईम्स या अमेरिकी डिझाइनर दांपत्यासोबत नेहरूंच्या जीवनावर केलेले प्रदर्शन १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये खुले झाले आणि नंतर लंडनसह अनेक शहरांत गेले. प्रवास करणाऱ्या मांडणीला सुटे भाग, क्रमांक घातलेल्या पेट्या आणि जोडणीचा छापील कागद लागतोच, मग तिचे अंतर सातासमुद्रांचे असो की तोरणमाळच्या घाटाचे.

रेटारेटीचे कारण

पहिल्या खोलीत कालरेषा लावण्याची सवय सोडावी. चाळीस तारखा वाचायला थांबलेली रांग मागच्या सर्वांना अडवते, आणि पुढच्या खोल्यांत पोहोचेपर्यंत लोकांची शक्ती संपलेली असते. पहिल्या खोलीत लांबून दिसणारी एकच मोठी वस्तू ठेवावी आणि बारकाव्याचे वाचन मध्यभागी, बसायला जागा असेल तिथे न्यावे. देवळात प्रदक्षिणेची सवय असल्यामुळे आपल्याकडील अनेक पाहुणे, विशेषतः ज्येष्ठ, प्रवेशताच डावीकडे वळून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरतात, असे मला वारंवार दिसले आहे. मार्ग उलट दिशेने आखायचा असेल, तर बाणापेक्षा उजेडाने आणि ठळक वस्तूने तो सुचवावा. बाहेर पडण्याचे दार मात्र कोणत्याही कारणाने पडद्याने झाकू नये, आणि मांडवात एकाच बोर्डावर सर्व फोकस न जोडता वीजभार वाटून घ्यावा.

या सर्वांसाठी एकूण खर्चातील काही भाग उद्घाटनानंतरच्या आठवड्यासाठी राखून ठेवावा, असे मी प्रत्येक आयोजकाला अंदाजपत्रकाच्या पहिल्याच पानावर लिहून देतो. पहिल्या दोन दिवसांत लोक कुठे थांबतात, कुठे परत फिरतात, कोणत्या चिठ्ठीजवळ कुणी वाकते, हे कोपऱ्यात उभे राहून टिपून घ्यावे, आणि तिसऱ्या दिवशी सुतार, विजेचा कारागीर आणि छपाईवाला यांना पुन्हा बोलवता येईल एवढी तरतूद हाताशी असावी.