पिणाऱ्याच्या घरची बाई एकटी पडू नये म्हणून: गावात मैत्रिणींचा गट कसा चालवायचा

नवऱ्याची दारू कशी सोडवायची, हा या गटाचा विषय नाही. पहिल्याच बैठकीत हे स्पष्ट सांगून टाका. नाहीतर दुसऱ्या बैठकीपासून सगळ्या जणी एकमेकींना बाबांचे पत्ते नि औषधांची नावं देत बसतात. पिणाऱ्याच्या घरात बाईचं अख्खं जगणं त्याच्या पिण्याभोवती फिरायला लागतं: किती वाजता आला, खिशात किती उरले, तोंडाला वास येते का. स्वतःची भूक, झोप, कंबरदुखी तिच्या ध्यानातही राहत नाही. गट आहे तो तिच्यासाठी. अल-अ‍ॅनॉन हे पिणाऱ्यांच्या घरच्यांचे गट १९५१ साली अमेरिकेत सुरू झाले, तेही हेच सांगतात की दारू तुमच्यामुळे लागली नाही, तुमच्याने ताब्यात राहत नाही आणि तुमच्याने बरी होत नाही.

सुरुवात दोघींनी केली तरी चालते. सहा-सात जणींच्या वर जाऊ नका, प्रत्येकीला बोलायला वेळ उरत नाही. सासू-सून, नणंद-भावजय किंवा जावा-जावा एकाच गटात घेऊ नका. इथलं बोलणं रात्री चुलीपाशी निघालं की ती बाई परत यायची नाही. गावात सगळेच नात्यातले असतात, म्हणून शेजारच्या गावातल्या एक-दोघी असल्या तर बरंच. बसायला ओटा नको, गल्ली ऐकते. सेविकेची परवानगी घेऊन सुटीनंतरची अंगणवाडी, बुद्ध विहार किंवा देवळाचा सभामंडप बघा. वेळ दुपारची ठेवा, कारण दिवस बुडताना पिणारे घरी यायला लागतात आणि बाईचं चित्त दाराकडे असते. जिथे मजुरीचा हप्ता बाजाराच्या दिवशी मिळते, तिथे बैठक बाजाराच्या आदल्या दिवशी घ्या. हाती पैसा येण्याआधीच किराणा कोण आणणार, बाकीचे कुठे ठेवायचे हे ठरून जाते.

बचत गटाच्या बायाच इथे असतील, तरी दोन्ही बैठका एकत्र करू नका. जिचा कर्जाचा हप्ता थकला ती त्या दिवशी तोंड उघडत नाही. दारूबंदीचंही तसंच. गावातली बाटली आडवी करायची असेल तर जरूर करा, पण त्या कामाला वेगळं बसा. विक्रेत्याशी वैर घ्यायची हिंमत नसलेली बाईच या गटात आधी यायला पाहिजे. आणि बंदी झाली म्हणजे गटाचं काम संपलं, असंही नाही. वर्धा-गडचिरोलीत कितीतरी वर्षांपासून बंदी आहे, तरी पिणाऱ्याला मिळतेच.

बैठक तासाभराची. एकीने पाच-सात मिनिटं बोलायचं, बाकीच्यांनी मधात तोंड घालायचं नाही. 'तू असं कर' बंद. सांगायचंच असेल तर 'मी असं केलं होतं, असं झालं' एवढंच, तेही तिने विचारल्यावर. मारझोडीचं खोदून खोदून विचारू नका. ते आठवताना कुणी थरथरायला लागली, नजर गोठली, तर गोष्ट तिथेच थांबवा. पाय जमिनीवर टेकवायला लावा, माठाचं पाणी द्या, आजूबाजूला काय दिसते, काय ऐकू येते ते तिला सांगायला लावा. रडू थांबवायची घाई करू नका.

खरं काम दोन बैठकींच्या मधात होते. प्रत्येकीला दोन मैत्रिणी नेमून द्या. एकच दिली तर ती थकते किंवा मोठेपण घेऊन बसते. हे फार वेळा होते: जी घरी नवऱ्याला सांभाळत होती ती आता गटातल्या सगळ्यांना सांभाळायला लागते. म्हणून बैठक चालवायचं काम दर महिन्याला दुसरीकडे द्या आणि आपसात उसने पैसे देऊ नका. फोन बहुतेक घरी नवऱ्याकडे नाहीतर पोराकडे असतो. तेव्हा आधीच एक निरोप ठरवा. पोराने येऊन 'आई विचारते, दळणाला येता का?' म्हटलं, की मैत्रिणीने हातातलं काम सोडून निघायचं.

पांघरूण घालणं एकदम सुटत नाही. आधी यादी करा: शेतमालकाला 'पोटात दुखते, म्हणून आले नाही' कोण सांगते? पिऊन केलेली उधारी कोण फेडते? माहेरी काय सांगता? त्यातली सगळ्यात सोपी गोष्ट एक आठवडा सोडायची. मालकाचा फोन आला तर 'त्यांनाच विचारा' म्हणून त्याच्या हातात द्यायचा. मात्र भोगू दे म्हणजे मरू दे नव्हे. मे महिन्याच्या उन्हात किंवा थंडीच्या रात्री तो बाहेर पडला असेल तर दोघी-तिघींनी सावलीत, आडोशाला आणा आणि कुशीवर करा, म्हणजे उलटी श्वासात जायची नाही. हाक मारून उठतच नसेल तर १०८.

दोन गोष्टी गटातल्या प्रत्येकीला पाठ हव्यात. रोज पिणाऱ्याला शपथ घालून, माळ घालून एकदम बंद करायला लावू नका. शेवटच्या घोटानंतर ६ ते २४ तासांत हात कापतात, घाम सुटते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत नसलेली माणसं दिसायला लागली तर जिवावर बेतू शकते. सोडायची असेल तर ग्रामीण किंवा जिल्हा रुग्णालयात डॉक्टरांच्या नजरेखाली. दुसरं, दारू सोडवायचं औषध त्याला न सांगता भाजीत कालवू नका. त्यात डायसल्फिराम असेल तर वर दारू पडल्यावर रक्तदाब कोसळतो, माणूस दगावूही शकते, आणि गोळी बंद केल्यावरही तिचा असर दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो.

फवारणीचं औषध घरात ठेवू नका. ठेवावंच लागलं तर कुलपात ठेवून चावी मैत्रिणीकडे द्या. एखादी 'आता नको वाटते' म्हणाली तर सरळ विचारा: 'जीव द्यायचं मनात येते का?' विचारल्याने तो विचार मनात घुसत नाही. हो म्हणाली तर तिला एकटं सोडू नका, १४४१६ वर लावा. टेली-मानस म्हणजे मनाच्या त्रासासाठी सरकारची फोनसेवा आहे, फुकट, रात्री-बेरात्रीही, मराठीत बोलतात. कुणी फवारणीचं औषध घेतलंच तर उलटी करवू नका. १०८ बोलवा आणि डबा सोबत न्या.

मारहाण असेल तिथे गटाने नवऱ्याला जाब विचारायला जाऊ नये. तुम्ही परतल्यावर मार तिलाच बसते. आधार, रेशनकार्ड, पासबुक, पोरांचे दाखले, सातबाऱ्याची प्रत, थोडे पैसे हे सगळं एका पिशवीत मैत्रिणीच्या घरी ठेवा. तातडीला पोलिसांचा ११२, सल्ल्याला महिला हेल्पलाइनचा १८१.

त्याने दारू सोडली की बाया गटात यायच्या बंद होतात, आणि नेमकं तेव्हाच अडते. तो घरी आहे, शुद्धीत आहे, तरी ही रोज रात्री तोंडाचा वास घेते, खिसे चाचपते, मोटरसायकलचा आवाज थोडा उशिरा आला की छातीत धडधडते. आठवड्यातून एक संध्याकाळ वास न घेता काढायची, असं ठरवा. त्या वेळेला मैत्रिणीच्या घरी तूर निवडायला बसा. तो परत घसरला तर 'मी म्हटलंच होतं' कुणी म्हणू नये. 'तू जेवली का?' एवढं विचारा.

पोळ्याची कर, होळी आणि कापसाचा चुकारा हाती येतो ते दिवस आधीच लिहून ठेवा; त्याच्या आदल्या आठवड्यात जास्तीची एक बैठक घ्या. निंदण-वेचणीच्या दिवसांत बैठक मोडतेच. तेव्हा नेमलेल्या जोडीने एकाच वावरात लागून तास (ओळी) धरायचे आणि बोलणं तिथेच उरकायचं.