चावी काढली तरी इंजिन चालूच? कार्बोरेटरवाल्या जुन्या गाडीचं डिझेलिंग कसं घालवायचं

पद्मिनी, अँबॅसिडर, नाहीतर कार्बोरेटरवाली मारुती 800 उन्हातून चालवून आणली, चावी बंद केली आणि इंजिन गप्प बसायचं सोडून खडखड करत, अख्खी गाडी हलवत अजून थोडा वेळ चालूच राहिलं, की त्याला डिझेलिंग म्हणतात. चावीने फक्त स्पार्क बंद होतो, पेट्रोल नाही. पिस्टन खाली जातोय तोवर कार्बोरेटरमधून पेट्रोल ओढलं जाणारच, आणि आत कार्बनचा थर किंवा प्लगचं टोक लालबुंद झालेलं असेल तर ते स्पार्कशिवायच पेटतं.

तेवढ्यापुरता उपाय म्हणजे ब्रेक गच्च दाबून चौथा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा, इंजिन दबून बंद पडेल. "होईल आपोआप बंद" म्हणून तसंच चालू देऊ नका, कधीकधी इंजिन उलटं फिरतं, मग ऑइल पंपही उलटा आणि प्रेशर गायब.

आता कारण शोधायचं, पण त्याआधी हे डिझेलिंगच आहे ना ते बघा. चावी काढूनही इंजिन अगदी नेहमीसारखं छान चालत असेल तर भानगड स्विच किंवा वायरिंगची आहे. चावी बंद केल्यावर इंजिन फिरत असतानाच कॉइलच्या (स्पार्कसाठी करंट देणाऱ्या) प्लसला टेस्ट लॅम्प लावा, पेटला म्हणजे करंट अजून येतोय, कार्बोरेटरला हात लावायची गरज नाही.

लॅम्प पेटला नाही तर पहिलं बघायचं ते स्लो, म्हणजे अॅक्सिलरेटर न दाबता इंजिन ज्या वेगाने फिरतं तो. माझ्या मते बहुतेक वेळा घोळ इथेच असतो, कारण गाडी सिग्नलला बंद पडते म्हणून कोणीतरी स्क्रू आवळून स्लो वाढवून ठेवलेला असतो आणि खरं दुखणं तसंच आत राहतं. स्लो जास्त म्हणजे थ्रॉटल जास्त उघडा, म्हणजे चावी काढल्यावरही आत भरपूर हवा-पेट्रोल. इंजिन पूर्ण गरम करून स्लो 800 आरपीएमच्या आसपास आणा, मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच धरा. आता इंजिन बंद पडायला लागलं तर परत वाढवू नका, पुढे चला.

डेल्को (डिस्ट्रिब्युटर) उघडा, आतल्या पॉइंटचा गॅप फिलर गेजने लावा आणि मगच टायमिंग, म्हणजे स्पार्क कधी पडतो ते लावा, उलटं केलंत तर टायमिंग परत हलणार. टायमिंग मागे, म्हणजे स्पार्क उशिरा पडत असेल तर इंजिन तापतं आणि तोच स्लो मिळवायला थ्रॉटल जास्त उघडावा लागतो, म्हणजे दुहेरी मार.

मग हवा कुठून खेचतेय का ते. कार्बोरेटरखालचं पॅकिंग, मॅनिफोल्ड, व्हॅक्यूमचे पाइप. गाडी स्लोवर ठेवून संशयाच्या जागी साबणाचं पाणी सोडा, स्लो बदलला की जागा सापडली. क्लीनरचा स्प्रे मारायची आयडिया बरेच जण देतात पण गरम मॅनिफोल्डवर ते पेटतं, नकोच. हल्लीच्या 20 टक्के इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप लवकर खराब होतात आणि त्याच जेटवर (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) मिश्रणही थोडं लीन होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, म्हणून प्लग काढून रंग बघा. पांढराफटक असेल तर लीन किंवा गरम चालतंय, फिकट तपकिरी हवा. सॉलेक्स कार्बोरेटरमध्ये मिक्श्चर स्क्रू थोडा बाहेर काढला की रिच होतं, म्हणजे पेट्रोल वाढतं, एसयू कार्बोरेटरमध्ये त्यासाठी खालचा जेट नट खाली घ्यायचा.

प्लग बदलताना एक लोचा होतो. टोक कमी तापणारा तो थंड प्लग, जास्त तापणारा तो गरम. एनजीकेमध्ये आकडा वाढला की प्लग थंड आणि बॉशमध्ये आकडा कमी झाला की थंड. दुकानदाराने दिला तो बसवलात तर नेमका गरम प्लग आत जायचा. इंजिन जास्त तापत नाही ना हे बघायला थर्मोस्टॅट, फॅन बेल्ट, रेडिएटर तपासणं ओघाने आलंच.

मारुती 800 च्या कार्बोरेटरवर चावी बंद केली की पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड (विजेवर चालणारा छोटा व्हॉल्व्ह) असतो. इंजिन बंद ठेवून चावी ऑन केली की बारीक "टक" यायला हवा, आणि स्लोवर चालू गाडीत त्याची वायर काढली की इंजिन लगेच बंद पडायला हवं. नाही पडलं तर सोलेनॉइड खोलून बघा, जळलेला असताना गाडी चालती करायला मेकॅनिकने पुढची पिनच कापून टाकलेली असण्याची शक्यता भरपूर. एसयूवाल्या अँबॅसिडरला मात्र हा उपाय नाही, तिथे स्लोचा वेगळा जेटच नसतो.

एवढं करूनही खडखड राहिली तर कार्बन. रोज बाजारापर्यंतच फिरणाऱ्या आणि ऑइल खाणाऱ्या गाडीत तो भरपूर साठतो. आधी हायवेला एक लांब चक्कर मारून बघा, फरक नाही पडला तर हेड उतरवून डीकार्ब, म्हणजे आतला कार्बन खरवडून साफ करणं, नवीन पॅकिंग टाकूनच, आणि हेड उतरवलंच आहे तर व्हॉल्व्ह गाइड आणि ऑइल सीलही तपासून घ्या, तिथून ऑइल आत उतरत असेल तर केलेला डीकार्ब फुकट जाईल.