शब्दकोडे अडल्यास उत्तर नव्हे, टोक विचारा
लोकलमध्ये गूढ शब्दकोड्याचे (ज्याच्या सूत्रात उत्तराचा सरळ अर्थ आणि अक्षरांची करामत असे दोन भाग असतात) एखादे शोधसूत्र अडले की आपण शेजारच्या कोडेप्रेमीला थेट उत्तरच विचारतो आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तसेच अडतो. त्याऐवजी सूत्र जसेच्या तसे वाचून दाखवावे, अक्षरसंख्या व जुळलेली अक्षरे सांगावीत आणि सरळ अर्थ कोणत्या टोकाला आहे एवढेच विचारावे. तो बहुधा सुरुवातीला किंवा शेवटीच दडलेला असतो. ‘उलटलेली नदी गरीब (२)’ यात अर्थ शेवटी आहे, एवढे कळताच नदी उलटी वाचून ‘दीन’ आपले आपण सापडते (आणि त्याची मजा काही वेगळीच).
सुचवलेले उत्तर मात्र अर्थ आणि करामत दोन्ही जुळेपर्यंत पेन्सिलीनेच लिहावे. पेनाने भरलेल्या एका चुकीच्या शब्दापायी मी अंधेरीपासून दादरपर्यंत कोड्याच्या एकाच कोपऱ्यात अडकलो होतो.