जुनी लढाऊ जेट विमानं: ओळखताना आणि जपताना या चुका टाळा

जेट विमानांच्या पहिल्या पिढीतलं जे काही आज शिल्लक आहे, ते फार थोडं आहे. जगात सर्वांत आधी उडालेलं जेट म्हणजे हाइन्केल एचई-१७८, २७ ऑगस्ट १९३९ चं. ते बर्लिनच्या संग्रहालयात ठेवलं होतं आणि १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात तिथेच नष्ट झालं. जे वाचलं, ते आता आपल्याच हातून बिघडू नये, म्हणून हे लिहितोय. त्याच त्या चुका पुन्हा पुन्हा बघून मला आता खरंच वीट आलाय.

रंगवलेल्या नंबरावर विश्वास ठेवणं

ही सगळ्यांत मोठी चूक. रंग कुणीही, कधीही, कशावरही मारू शकतो.

व्हॅम्पायर हे भारतीय वायुदलाचं पहिलं जेट. १९४८ साली आलं, पुढे बंगळुरूला एचएएलने परवान्यावर बनवलंही. १ सप्टेंबर १९६५ ला, भारत-पाक युद्धात, जम्मूतल्या छांबच्या लढाईत एकाच दिवशी चार व्हॅम्पायर नष्ट झाली. त्यामुळे चौथऱ्यावर व्हॅम्पायर उभं असलं की ते छांबचंच असावं, असं प्रत्येकाला मनापासून वाटतं.

एका संस्थेच्या आवारातलं असंच एक विमान बघायला मला बोलावलं होतं. संगमरवरी पाटी कोरून तयार, उद्घाटनाची तारीख ठरलेली, पाटीवर छांबचा उल्लेख. मी शिडीवर चढून कॉकपिटमध्ये डोकावलो तर शेजारी शेजारी दोन आसनं. म्हणजे हे टी-५५, प्रशिक्षणाचं विमान. छांबला गेली होती ती एका आसनाची एफबी-५२. शेपटी धरून ठेवणाऱ्या दांड्यावर मात्र एकासनी विमानाचा नंबर झळकत होता. कुणीतरी रंगाऱ्याच्या हातात जुना फोटो दिला आणि त्याने तो नंबर जसाच्या तसा उतरवला. तिथला एक उत्साही मुलगा म्हणाला, "सर, बघणाऱ्याला काय कळतंय?" बघणाऱ्याला कळत नाही, म्हणूनच तर पाटी खरी हवी! आणि ज्या विमानात बसून वैमानिक जेट उडवायला शिकले, त्याला छांबचं नाव उसनं घ्यायची गरजच काय?

माझी सवय सांगतो. दांड्याकडे आधी बघायचंच नाही. बॅटरी आणि दाताचे डॉक्टर वापरतात तसा छोटा आरसा घेऊन चाकांच्या कप्प्यात आणि कॉकपिटच्या आत कारखान्याची धातूची पट्टी शोधायची. सापडली की पुसायच्या आधी फोटो. मग पंखावरची पट्टी वेगळी शोधायची, कारण धड एकाचं आणि पंख दुसऱ्याचे हा प्रकार सर्रास चालतो. पट्ट्या नसतील तर पाटीवर फक्त विमानाचा प्रकार लिहावा.

ओळख पक्की असते तेव्हा काय वजन येतं, ते बघायचं तर इंग्लंडमधलं व्हॅम्पायर एलझेड-५५१ घ्या. ३ डिसेंबर १९४५ ला ब्रिटिश वैमानिक एरिक ब्राउन यांनी एचएमएस ओशन या विमानवाहू नौकेवर उतरवलेलं हेच विमान. जेट विमान नौकेवर उतरवण्याचं ते पहिलं उदाहरण. आज ते शाबूत आहे आणि त्याच्या ओळखीबद्दल वादच नाही.

आत लाकूड आहे हे विसरणं

व्हॅम्पायरचे पंख आणि दांडे धातूचे, पण वैमानिक बसतो तो पुढचा भाग लाकडी: बर्च प्लायवूडच्या दोन थरांमध्ये बाल्सा. हे माहीत नसलेली मंडळी त्याला लोखंडी गेटसारखं वागवतात.

त्याच टी-५५ ला दर २६ जानेवारीच्या आधी ऑइलपेंटचा एक हात मिळत होता. पोटाखालची पाणी निथळायची भोकं त्या रंगाने बुजलेली. वर तडकलेल्या काचेतून पावसाचं पाणी आत जात होतं आणि आतच राहत होतं. बाहेरून विमान चकचकीत. मी खिशातल्या रुपयाच्या नाण्याने पोटावर टिचक्या मारत गेलो. पुढे टणक आवाज, आसनाखाली एकदम भद्द. तिथला रंग खरवडला तर प्लायवूडचे थर बोटाने सुटत होते. उपाय म्हणून प्लास्टिकची ताडपत्री घट्ट बांधायचं ठरत होतं. कृपा करून हे करू नका. पावसाळ्यात आत दमटपणा कोंडतो आणि लाकूड आणखी लवकर कुजतं. वर छप्पर, बाजू मोकळ्या, भोकं तारेने साफ. मी एवढंच करतो आणि तेवढं पुरतं.

लाकूड आणि गोंद यांना कमी लेखू नये. जर्मनीच्या एचई-१६२ जेटचा पहिला नमुना १० डिसेंबर १९४४ ला कोसळला, वैमानिक गेला. कारण गोंद सदोष असल्याने पंखाचा काही भाग हवेतच सुटला.

बाकीच्या चुका

प्रतिकृतीला मूळ समजणं. ब्रिटनचं पहिलं जेट ग्लॉस्टर ई.२८/३९ लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये आहे. लटरवर्थ आणि फार्नबरोच्या रस्त्यांवर दिसतात त्या प्रतिकृती. आज उडताना दिसणारी एमई-२६२ ही जर्मन लढाऊ जेट नव्याने बांधलेली आहेत, त्यांची इंजिनंही आधुनिक अमेरिकन.

आल्या आल्या जुना रंग खरवडून टाकणं. ही घाई मला सहनच होत नाही. अमेरिकेत डेटनच्या वायुदल संग्रहालयात एमई-१६३ हे जर्मन रॉकेट विमान आहे. त्याचं काम सावकाश झालं म्हणून इंधनटाकी आणि तिच्या पट्ट्याच्या मध्ये मुद्दाम अडकवलेला दगड सापडला आणि आत फ्रेंचमध्ये लिहिलेला मजकूरही. सक्तीने राबवलेल्या कामगारांनी केलेला तो घातपात. रंग काढायचाच असेल तर आधी नाण्याएवढ्या जागेत पाण्याच्या पॉलिशपेपरने घासा, एकेक थर उघडा पाडा, फोटो काढा.

हवेची आणि धुराची तोंडं उघडी ठेवणं. पक्षी घरटी करतात, त्यांची घाण धातू खाते. जाळी लावा.

कॉकपिटमधल्या अंधारात चमकणाऱ्या जुन्या तबकड्या खरवडणं. त्यांच्या रंगात रेडियम असतं. हात लावू नका, मुलांना तर अजिबात लावू देऊ नका.

आणि हंटरसारख्या विमानात फोटोसाठी पटकन जाऊन बसणं. बाहेर फेकणाऱ्या आसनाखाली स्फोटक काडतुसं असतात. ती काढल्याचा लेखी कागद मागा; "काढलीच असतील" हे उत्तर मिळालं तर शिडीवरून खाली उतरा.